पायलटला हवा कोण सांगतं, मशीन का माणूस?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या खानापुरात ढग झाडांच्या शेंड्याला टेकलेले असतात. मुलगा विमानानं बेळगावच्या सांबरा विमानतळावर येतो तेव्हा जीव टांगणीला लागतो. मोबाईलवर बघावं तर ऊन दाखवतंय. पायलटला खरी हवा कोण सांगतं?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, पहिल्यांदा ते मोबाईलचं सोडा, तो आख्ख्या भागाचा अंदाज असतो आणि पायलटला हवी असते धावपट्टीवरची आत्ताची हवा. ती 'मेटार' नावाच्या रिपोर्टमधनं मिळते, आपल्याकडं हवामान खात्याचं काम ते, तासातासाला नाहीतर अर्ध्या तासानं निघतो आणि मधेच हवा एकदम फिरली की 'स्पेसी' म्हणून वेगळा काढतात.

समजा त्यात '२४०१२केटी ३००० आरए बीकेएन००८' असं आलं, तर वारा २४० अंशाकडनं म्हणजे नैर्ऋत्य-पश्चिमेकडनं १२ नॉट (वाऱ्याचा वेग मोजायचं माप) वेगानं, दिसतंय ३००० मीटरपर्यंत, पाऊस चालू, आणि आभाळाचे आठ भाग धरले तर पाच ते सात भाग ढग, तेही जमिनीपासनं फक्त ८०० फुटांवर. एवढ्या एका ओळीत पायलटला उतरायची तयारी करता येते बघा.

आता मशीन का माणूस? दोन्ही. वारा, तापमान, हवेचा दाब यात मशीन एकदम पक्कं, रात्रंदिवस थकत नाही. पण ढगाची उंची मोजणारं यंत्र लेझर सरळ वर सोडतं, डोक्यावर आलेला ढगच त्याला कळतो, पश्चिमेकडनं घाटावरनं काळंकुट्ट चढून यायलंय ते त्याला दिसत नाही. धुक्याचं पण तसंच, सेन्सरजवळ मोकळं आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला दाट असं होऊ शकतं. निरीक्षक बाहेर येऊन चारी दिशा बघतो, ठरलेल्या अंतरावरच्या खुणा दिसतात का, रात्री दिवे दिसतात का ते बघून आकडा देतो, आणि मला विचाराल तर पावसाळ्यात या माणसाला पर्याय नाही.

माणसाचा हात न लागलेल्या रिपोर्टवर 'ऑटो' लिहिलेलं असतं, ढगाचा प्रकार यंत्राला ओळखता आला नाही तर तिथं नुसत्या तिरप्या रेघा येतात. म्हणजे माहीत नाही ते माहीत नाही म्हणूनच कळवतात, पायलट त्या हिशेबानं सावध राहतो.

शिवाय उतरताना टॉवरवाले रेडिओवर ताजा वारा सांगतातच. दिसण्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की विमान वरच थांबवतात नाहीतर हुबळी-गोव्यासारख्या दुसऱ्या विमानतळाकडं नेतात, आणि तेवढं इंधन निघतानाच भरलेलं असतं. तेव्हा मुलाला उशीर झाला तर घाबरू नका, फोन लागेपर्यंत थोडी वाट बघा.