दारूवर झोपेची गोळी घेतलेला माणूस घोरत पडला असेल, तर त्याला तसाच झोपू द्यावा का?

तुम्ही विचारलंय: कळंगुटला हॉटेलात कामाला आहात, खोलीवर चौघे राहता. त्यातला एक जण ड्युटी सुटल्यावर फेणीच्या जोडीला कुठून तरी आणलेल्या सुट्या निळ्या गोळ्या घेतो आणि ढाराढूर झोपतो. ‘झोपेच्या गोळीनं कोणी मरत नाही’ असं त्याचं म्हणणं आहे, ते खरं का?

नाही. तो ज्या गोळीबद्दल बोलतोय ती डॉक्टरनं लिहून दिलेली, मोजून आणि एकटीच घेतलेली गोळी. तो स्वतः घेतो ते वेगळंच काही आहे.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, एटिझोलाम या गोळ्या मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा परिणाम वाढवतात. दारूही त्याच जागी काम करते. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, हेरॉइन ही अफूच्या जातीची औषधं तर श्वास चालवणाऱ्या केंद्रालाच दाबतात. एरवी झोपेत श्वास उथळ झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूला इशारा मिळतो आणि आपण नकळत खोल श्वास घेतो. दोन-तीन गोष्टी एकत्र पोटात गेल्या की हा इशाराच ऐकू येईनासा होतो. जीभ मागे पडते, उलटी झाली तर खोकून बाहेर टाकायची ताकद राहत नाही आणि ती फुप्फुसात जाते. स्कॉटलंडमध्ये 2020 साली अमली पदार्थांनी 1,339 मृत्यू झाले. त्यातल्या 806 मृत्यूंमध्ये एटिझोलामचा वाटा होता आणि बहुतेक वेळा जोडीला दुसरं काहीतरी होतंच.

सुट्या गोळीचा धोका आणखी वेगळा. आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडोल अशी औषधं शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकता येणाऱ्या औषधांच्या कडक सरकारी यादीत, येतात. त्यांच्यासाठी फार्मसीवाल्याला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय, पाकिटाशिवाय हातात आलेल्या गोळीचं हे काहीच नसतं. बेकायदा गोळ्या बनवताना पावडर नीट मिसळत नाही. एका गोळीत औषध नावालाच, तर त्याच पुडीतल्या दुसरीत कितीतरी पट. काल दोन घेऊन काही झालं नाही, यावरून आजच्या दोन गोळ्यांबद्दल काहीच कळत नाही. रंगावरून तर नाहीच.

आणि एक गोष्ट घरच्यांना सहसा माहीत नसते: या गोळ्या स्मरण पुसतात. घेतली हेच माणूस विसरतो आणि पुन्हा घेतो. शिवाय डायझेपामसारखं औषध अंगात कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे आज गोळी न घेता नुसती दारू प्यायली तरी कालची गोळी तिच्या सोबतीला असते.

आता घोरण्याबद्दल. ‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’ हा समज मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतो. नेहमी न घोरणारा माणूस घरघर, गुरगुर असा ओला आवाज काढत असेल, तर त्याचा श्वासमार्ग अर्धा बंद झालाय असं धरा. मोठ्यानं हाक मारा, खांदे हलवा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं जोरात घासा. डोळे उघडून धड उत्तर दिलं नाही, तर 108 ला फोन लावा. मोबाइल स्पीकरवर ठेवा आणि घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. दहाच्या खाली आले किंवा ओठ-नखं निळसर, राखाडी दिसली, तर तेही फोनवर लगेच सांगा.

श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा: वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे. उताणा अजिबात ठेवू नका आणि एकटाही सोडू नका. श्वास थांबला किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येत असेल, तर उताणा करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या वेगानं, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाबत राहा. जमत असेल तर दर 30 दाबांनंतर दोनदा तोंडानं श्वास द्या.

लिंबूपाणी, मिठाचं पाणी, कॉफी काही पाजू नका. बोटं घालून ओकायला लावू नका. थंड पाण्याखाली नेऊ नका. यातलं काहीही औषध उतरवत नाही, उलट पाणी फुप्फुसात जातं.

इस्पितळात नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध दिलं तर ते फक्त अफूच्या जातीवर चालतं, झोपेच्या गोळीवर नाही. त्या गोळीवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण रोज गोळी घेणाऱ्याला त्यानं झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टर ते सरसकट देत नाहीत. बहुतेक वेळा श्वास सांभाळणं हाच उपचार असतो. म्हणूनच उरलेल्या गोळ्या, रिकामी पुडी सोबत न्या आणि काय, किती वाजता, किती दारूबरोबर घेतलं ते खरं सांगा. पोलिसांच्या भीतीनं हे लपवलं की उपचारच चुकतो.

शेवटचं, आणि हे मित्राला शुद्धीत असतानाच सांगा. रोज घेत असेल तर गोळ्या फेकून देऊन एकदम बंद करायला लावू नका. अचानक तोडल्यानं फिट येते, भ्रम होतो, त्यातही जीव जाऊ शकतो. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के. बांबोळीच्या मनोविकार इस्पितळात, म्हणजे आयपीएचबीत, त्यासाठी ओपीडी आहे. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416. सेवनाचा किंवा अगदी थोड्या मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याचं कलम 64-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं, हेही त्याला सांगा. तोवर तो प्यायला असेल त्या रात्री तुम्हा तिघांपैकी एकानं जागं राहावं.