उंबराचं फूल

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. वादविवादात समोरच्यानं उंबर आणि त्यातल्या किड्याचं उदाहरण दिलं, ‘एकावाचून दुसऱ्याचं अडतं, मग आधी कोण? दोघांना कुणीतरी जोडीनंच घडवलं असणार,’ म्हणाला आणि तुला उत्तर सुचलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस. प्रश्न चांगला आहे, विचारणाराही मूर्ख नाही.

काल सेमिनरी हिल्सवर फिरायला गेलो होतो, तिथून एक कच्चा उंबर आणून ब्लेडनं उभा चिरला. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. इथे तर फुलं शेकड्यांनी होती, आतल्या भिंतीला दाटीनं चिकटलेली. टोकाच्या बारीक छिद्रात दोन पारदर्शक पंख अडकले होते. ते त्याच किड्याच्या मादीचे. जेमतेम दोन मिलिमीटरची ती माशी आत घुसताना पंख गमावते आणि पुन्हा बाहेर येत नाही. आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते, तिथेच मरते. तिची नर पिल्लं बिनपंखी. माद्यांशी मीलन झालं की ती बाहेर जायची वाट पोखरतात, आणि माद्या नवे परागकण घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात.

आज एकमेकांवाचून अडतं म्हणून पहिल्या दिवसापासूनच अडत होतं, असं होत नाही. उंबर-वड-पिंपळाच्या गोतावळ्यात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत. काहींत पराग माशीच्या अंगाला नुसता लागतो आणि आत झडतो. काहींत ती पायांनी पराग गोळा करून छातीवरच्या खिशांत भरते आणि फुलांवर मुद्दाम ठेवते. ढिली सोबत आणि घट्ट सोबत, दोन्ही आजही जिवंत आहेत. सोबतीत फायदा होत गेला की पिढ्यान्‌पिढ्या बाकीच्या वाटा बुजत जातात. सहउत्क्रांती म्हणतात ती हीच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1862 मध्ये डार्विननं मादागास्करच्या एका ऑर्किडची सुमारे तीस सेंटिमीटर लांब मधनळी पाहून लिहिलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. तो 1882 मध्ये वारला. तशा पतंगाचं वर्णन 1903 मध्ये प्रसिद्ध झालं. ‘बुद्धिमान रचना’वाल्यांना, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्यानं मुद्दाम घडवले असं म्हणणाऱ्यांना, असं आधी काही सांगता येत नाही. जे सापडेल ते ‘तसंच घडवलं होतं’ म्हणून मोकळं होता येतं. माझा आक्षेप तेवढाच आहे, देवावर नाही.

2005 मध्ये अमेरिकेत डोव्हर इथल्या शाळांवरून झालेल्या खटल्यात न्यायाधीशांनी ‘बुद्धिमान रचना’ ही मांडणी विज्ञान नाही असा निकाल दिला. तो माहीत असू दे, पण पुरावा म्हणून पुढे करू नकोस. निसर्गाचा पुरावा निसर्गातूनच द्यायचा.

आणि समोरच्याच्या श्रद्धेला हात घालू नकोस. आपल्या नागपुरात टाकळीच्या थरांतून जीवाश्म गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप मिशनरीच होते.

पुढच्या वेळी उंबर हिरवा असतानाच बघ. बाहेरून सालीत लांब सुई खुपसून बसलेल्या माश्या दिसतील. त्याही आत अंडी घालतात, पण पराग आणत नाहीत. जिथे दोघांचा व्यवहार जमला, तिथे फुकटे आलेच. त्या किती दिसल्या, ते मोजून मला कळव.

तुझे सर