ज्युरी आत गेली, आता पुढे काय?

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न खटल्याच्या एकाच टप्प्याबद्दल आहेत. वकिलांचं बोलून झालं, दोषी की निर्दोष हे ठरवणारी सामान्य नागरिकांची ज्युरी खोलीत गेली, पण कौल अजून आलेला नाही. गाजलेल्या खटल्यात या मधल्या तासांत अफवांना सगळ्यात जास्त ऊत येतो, म्हणून या वेळी पूर्ण सदर याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न : डेरेक शॉव्हिन खटल्यात वकिलांची भाषणं सोमवारी संपली आणि कौल मंगळवारी संध्याकाळी आला. मधल्या वेळात त्या बंद खोलीत नेमकं काय चालतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पोलिस अधिकारी डेरेक शॉव्हिन याच्यावरचा, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूचा हा खटला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये न्या. पीटर केहिल यांच्यापुढे चालला. १९ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चारच्या सुमारास ज्युरी आत गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं ठरलं. प्रत्यक्ष विचारविनिमय साधारण दहा तासांचा झाला.

आत जाण्याआधी न्यायाधीश ज्युरीला कायदा समजावून सांगतात. ही सूचनापत्रं अनेक पानांची असतात. प्रत्येक गुन्ह्याचे घटक त्यांत सुटे करून दिलेले असतात आणि एकही घटक वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाला नाही, तर त्या आरोपातून सोडायचं असतं. शॉव्हिनवर तीन आरोप होते : दुसऱ्या दर्जाचा खून, तिसऱ्या दर्जाचा खून आणि दुसऱ्या दर्जाचा मनुष्यवध (खुनाहून हलका गुन्हा). म्हणजे ज्युरीला एकाच प्रसंगाची उत्तरं तीन वेगवेगळ्या कसोट्यांवर द्यायची होती. बाहेरच्यांना वाटतं, ‘दोषी की निर्दोष’ एवढाच प्रश्न आहे. आत मात्र तो दहा-बारा लहान प्रश्नांत फुटलेला असतो आणि वेळ तिथे जातो.

मग राखीव ज्युरर बाजूला केले जातात. शॉव्हिन खटल्यात चौदा जण बसले होते, त्यांतले दोन राखीव निघाले आणि बारा आत गेले. कोण राखीव हे ठरवायची रीत जागोजागी वेगळी असते. २०२१ मध्येच विस्कॉन्सिनमधल्या केनोशा इथे काइल रिटनहाउसच्या खटल्यात अठरा जणांच्या चिठ्ठ्या एका फिरत्या डब्यात टाकल्या होत्या आणि त्यांतल्या सहा खुद्द आरोपीने काढल्या.

खोलीत मोबाइल नसतो. दाराबाहेर न्यायालयाचा कर्मचारी बसतो आणि बारापैकी एक जण जरी बाहेर असेल, तरी चर्चा थांबवावी लागते. पहिलं काम ज्युरीप्रमुख निवडण्याचं. त्याचं मत इतरांइतकंच मोजलं जातं. सगळ्यांना बोलू देणं, चिठ्ठ्या लिहिणं आणि शेवटी निकालपत्रावर सही करणं ही त्याची कामं. यानंतर अनेक ज्युऱ्या एक चूक करतात : लगेच हात वर करून मत घेतात. एकदा सगळ्यांदेखत हात वर गेला की माणूस पुराव्याऐवजी आपल्या हाताचीच बाजू लढवू लागतो. आधी टेबलाभोवती एक फेरी करून प्रत्येकाला काय पटलं, काय अडलं हे ऐकावं आणि मत नंतर घ्यावं, तेही कागदावर. अशी सुरुवात केली तर ज्युरी अडकून पडण्याची शक्यता कमी होते.

पुराव्यातल्या निशाण्या, म्हणजे कागदपत्रं, छायाचित्रं, चित्रफिती, आत मिळतात. साक्षींची छापील प्रत मात्र बहुतेक ठिकाणी मिळत नाही. स्वतःच्या टिपणवह्या आणि आठवण यांवर भागवायचं. साधारण खटल्यात ज्युरर रात्री घरी जातात. शॉव्हिनच्या ज्युरीला त्या एका रात्रीसाठी हॉटेलात वेगळं ठेवलं होतं आणि सामान भरून या, असं आधीच सांगितलं होतं.

प्रश्न : ज्युरी लवकर परतली की आरोपी दोषी आणि उशीर झाला की सुटणार, असं वाहिन्यांवर सांगतात. यात तथ्य किती?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आडाखा म्हणून टिकावा एवढंही नाही. दोन खुनांचा आरोप असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन याच्या ज्युरीने १९९५ मध्ये चार तासांच्या आत ठरवलं : निर्दोष. साउथ कॅरोलायनात ॲलेक्स मर्डॉच याच्या ज्युरीने मार्च २०२३ मध्ये तीन तासांच्या आत ठरवलं : दोषी. शॉव्हिनला दहा तासांत दोषी ठरवलं. फ्लोरिडात केसी अँथनी हिला २०११ मध्ये अकरा तासांच्या आत खुनाच्या आरोपातून सोडलं. रिटनहाउसची ज्युरी चौथ्या दिवशी सगळ्या आरोपांतून सुटका घेऊन आली, मर्डॉचची त्याच संध्याकाळी शिक्षा ओढवणारा कौल घेऊन. यातून कुठला नियम काढणार?

वेळ कशाने वाढतो हे मात्र सांगता येतं. आरोप किती, आरोपी किती, चित्रफिती किती तासांच्या आणि सूचनापत्र किती गुंतागुंतीचं यावर ते अवलंबून असतं. ज्युरर कौल सांगताना आरोपीकडे पाहतात की नाही, यावरून निकाल ओळखायची टूमही तितकीच पोकळ आहे. बारा अनोळखी माणसं घाबरलेली असतात आणि बरीचशी जमिनीकडे पाहत आत येतात.

प्रश्न : ज्युरी आतून चिठ्ठी पाठवते म्हणजे काय? त्यावरून कल ओळखता येतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ज्युरीला बाहेरच्या जगाशी बोलायचा एकच अधिकृत मार्ग म्हणजे चिठ्ठी. ज्युरीप्रमुख प्रश्न लिहितो, तारीख-वेळ टाकतो, सही करतो आणि दाराबाहेरच्या कर्मचाऱ्याकडे देतो. न्यायाधीश ती दोन्ही पक्षांच्या वकिलांना आणि आरोपीला दाखवतात आणि काय उत्तर द्यावं यावर त्यांचं म्हणणं ऐकतात. मग ज्युरीला न्यायालयात बोलावून तोंडी किंवा लेखी उत्तर देतात. एका ओळीच्या प्रश्नाला तासभर लागतो तो यामुळे. वकिलांना न दाखवता उत्तर दिलं, तर अपिलात तोच मुद्दा खटला बुडवू शकतो.

मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या ३४ आरोपांच्या खटल्यात ज्युरीने डेव्हिड पेकर आणि मायकेल कोहेन यांच्या साक्षींचे काही भाग पुन्हा वाचून मागितले. शिवाय सूचनांचा काही भाग परत ऐकवा असंही कळवलं, कारण तिथे सूचनांची छापील प्रत खोलीत दिलेली नव्हती. ३० मे रोजी साडेचारला ज्युरीला घरी सोडायचं ठरत होतं, तेवढ्यात चिठ्ठी आली : कौल झाला आहे, निकालपत्र भरायला आणखी अर्धा तास द्या. ३४ रकाने भरायलाही वेळ लागतो. कौल सगळ्या आरोपांवर ‘दोषी’ असा होता.

कल ओळखायचं म्हणाल, तर चिठ्ठीने भल्याभल्यांना फसवलं आहे. सिम्प्सनच्या ज्युरीने लिमोझिन चालवणाऱ्या साक्षीदाराची साक्ष पुन्हा ऐकली. तो सरकारी पक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार, म्हणून अनेकांनी ‘दोषी’ असा अंदाज बांधला. २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या जॉर्ज झिमरमन खटल्यात सहा जणींच्या ज्युरीने मनुष्यवधाची व्याख्या नीट समजावून मागितली, तेव्हा निदान तेवढा आरोप लागणार असं बोललं गेलं. दोन्ही वेळा आरोपी सुटला. प्रश्न बहुधा अशा मुद्द्यावर विचारला जातो, जिथे बारापैकी एक-दोघांचं अडलेलं असतं. बाकीच्यांचं मत त्यात दिसत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे आणि सध्या एका फौजदारी खटल्यात ज्युरीवर आहे. घरी येतो, पण जेवतानाही गप्प असतो. टीव्हीवर बातम्या लागल्या की उठून जातो. विचारलं तर चिडतो. आम्ही काय करावं?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, मुलगा योग्य तेच करतो आहे. त्याचा राग तुमच्यावर आहे, हे आधी मनातून काढून टाका. खटला संपेपर्यंत त्याला घरातसुद्धा त्याबद्दल बोलायची मनाई आहे. खटल्याच्या बातम्या वाचायच्या-पाहायच्या नाहीत, फोनवर नाव टाकून शोधायचं नाही, घटनास्थळी जायचं नाही, अशी शपथेची बांधिलकी त्याच्यावर आहे. एखाद्या ज्युररने घरी इंटरनेटवर शोधाशोध केली आणि ते उघड झालं, तर न्यायाधीश त्याला काढून राखीव ज्युररला आत घेतात. मग झालेली चर्चा बाजूला ठेवून बारा जणांनी सगळं पहिल्यापासून सुरू करायचं असतं. वेळ वाईट असली तर अख्खा खटला रद्द होतो आणि मृताच्या नातेवाइकांपासून आरोपीच्या आईपर्यंत सगळ्यांना पुन्हा महिनोन्‌महिने थांबावं लागतं.

तुमच्या हातात आहे ते असं : तो घरात असताना बातम्या बंद ठेवा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात ‘आमचा अमुक त्या खटल्यावर आहे’ असं कुणी लिहू नका, लिहिलं असेल तर पुसा. ओळखीच्या कुणी खटल्याचा विषय काढला, निरोप दिला किंवा दबाव आणला, तर तो तुम्ही मिटवू नका. मुलाने ते न्यायालयाच्या कर्मचाऱ्याला सांगायचं असतं. ताप आला, झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तरी सकाळी तेही कळवायचं. राखीव ज्युरर त्यासाठीच ठेवलेले असतात. ज्युरीसाठी सुट्टी घेतली म्हणून नोकरीवरून काढणं कायद्याने मना आहे. पगार मात्र प्रत्येक मालक देतोच असं नाही आणि न्यायालयाचा भत्ता अगदी तुटपुंजा असतो, हे घरखर्च आखताना धरून चाला.

ज्युरी मोकळी झाल्यावर अमेरिकेत ज्युररला बोलायची मुभा असते, सक्ती नसते. इंग्लंडमध्ये तर खोलीतली चर्चा बाहेर सांगणं हा जन्मभर गुन्हा आहे. तुमच्या मुलाला बोलावंसं वाटलं तर तो आपणहून बोलेल. हिंसेची छायाचित्रं तासन्‌तास पाहिलेल्या माणसाला सावरायला काही आठवडे लागू शकतात, तेवढी सवड त्याला द्या. न्यायालयाकडे समुपदेशनाची सोय आहे का, हे त्याने सुटी मिळताना जरूर विचारावं.

प्रश्न : बाराजणांचं एकमत झालंच नाही तर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्यात एकमत हवंच. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानातल्या एका खटल्यात हे सगळ्या राज्यांना लागू केलं. ज्युरी अडकली म्हणाली की न्यायाधीश सहसा एकदा तरी परत पाठवतात : प्रामाणिक मत सोडू नका, पण एकमेकांचं ऐका. या सूचनेला तिकडचे वकील ‘डायनामाइट’ म्हणतात, कारण एकट्या पडलेल्या ज्युररवर तिचा दाब येतो. कॅलिफोर्नियाने तिचं जुनं रूप त्यामुळेच बंद केलं.

तरीही जमलं नाही तर खटला निष्फळ ठरतो. विनोदी अभिनेते बिल कॉस्बी यांच्या लैंगिक अत्याचाराच्या २०१७ च्या खटल्यात ज्युरी ५२ तास बसली आणि एकमत झालं नाही. २०१८ मध्ये नव्या ज्युरीने दोषी ठरवलं आणि २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. एकमत न होणं म्हणजे सुटका नव्हे. सरकारी पक्ष पुन्हा खटला चालवू शकतो. निर्दोष ठरवलं तर मात्र त्याच आरोपावर पुन्हा खटला नाही.

इंग्लंडमध्ये पद्धत वेगळी. निदान दोन तास दहा मिनिटं गेल्यावर, आणि मोठ्या खटल्यात बऱ्याच उशिरा, न्यायाधीश बारापैकी दहांचा कौल स्वीकारायची परवानगी देऊ शकतात.

प्रश्न : कौल झाला असं कळल्यावरही लगेच वाचत नाहीत. का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : वकील, आरोपी आणि दोन्हीकडची कुटुंबं पोहोचायला हवीत, बाहेर बंदोबस्त लागायला हवा. शॉव्हिनच्या वेळी सुमारे दोन तास गेले. सिम्प्सनचा कौल २ ऑक्टोबरला झाला, तो पाकिटात बंद राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वाचला गेला. कुटुंबीयांसाठी हा काळ सगळ्यात जड असतो. फोन वाजल्यावर अर्ध्या तासात पोहोचता येईल एवढ्याच अंतरावर थांबावं, खाऊन घ्यावं आणि कौल कसाही आला तरी न्यायालयात आवाज करायचा नाही हे आधीच आपसात बोलून ठेवावं. न्यायाधीश ओरडणाऱ्याला बाहेर काढतात.

वाचून झाल्यावर कुठलाही पक्ष प्रत्येक ज्युररला ‘हा तुमचा कौल आहे का?’ असं विचारायला लावू शकतो. एकानेही ‘नाही’ म्हटलं तर कौल टिकत नाही. शिक्षा बहुतेक वेळा नंतर होते : शॉव्हिनला ती २५ जूनला झाली, साडेबावीस वर्षं.

प्रश्न : नानावटी खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली, हे खरं का?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : फार पसरलेला समज आहे, पण अर्धाच खरा. विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात, १९५८ मध्येच, ज्युरी बंद करावी असं सुचवलं होतं. नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या त्या २७ एप्रिल १९५९ ला. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. सत्र न्यायाधीशांना हा कौल पुराव्याशी विसंगत वाटला आणि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ नुसार त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आपल्याकडे एकमत लागत नसे आणि ज्युरीचा कौल उलटवायची वाट कायद्यातच होती. अमेरिकेत निर्दोष ठरवल्यावर अशी वाट नाही. त्यामुळे इथे कौल आला तरी वाट पाहणं संपत नसे.

लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या राजद्रोह खटल्यातही कौल ७ विरुद्ध २ असा होता. त्याच रात्री न्या. दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. एकमताची अट असती तर ते दोघे पुरले असते.

१९७३ च्या नव्या संहितेने फौजदारी खटल्यांतली ज्युरी संपवली. पारशी विवाह आणि घटस्फोटाच्या दाव्यांत मात्र समाजातले पाच प्रतिनिधी अजूनही न्यायाधीशांबरोबर बसतात.