वाचकांचे प्रश्न: टेबलावरची लढाऊ विमाने आणि गोव्याची हवा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये प्लॅस्टिकच्या किटमधून लष्करी विमानांच्या प्रतिकृती जुळवण्याविषयीची पत्रे अनपेक्षितपणे अधिक निघाली. त्यांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक तक्रारींचे मूळ पावसाळ्यात आहे, त्यामुळे फोंड्याच्या पत्राला सर्वांत अधिक जागा द्यावी लागली.

माझा मुलगा सातवीत आहे. बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॅरियर पाहून आल्यापासून त्याच विमानाचे किट हवे, असा हट्ट त्याने धरला आहे. पहिलेच किट म्हणून ते घ्यावे का? आणि १/७२ व १/४८ म्हणजे नेमके काय? (एक आई, वास्को)

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाची प्रत्येक लांबी बहात्तराने भागलेली. हा विचित्र वाटणारा आकडा इंचाफुटांच्या हिशेबातून आला आहे: १ इंचाला ६ फूट. १/४८ मध्ये १ इंचाला ४ फूट पडतात. सी हॅरियरची लांबी सुमारे साडेचौदा मीटर असल्याने १/७२ मध्ये ते २० सेंटीमीटरच्या आसपास भरते आणि १/४८ मध्ये ३० सेंटीमीटरच्या. किमतीतला फरक मात्र याहून बराच मोठा असतो. मुलाची बोटे अजून लहान असली तरी पहिल्या चुका स्वस्त किटवरच व्हाव्यात, म्हणून आम्ही १/७२ सुचवतो.

पहिले किट सी हॅरियरचे असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बहुतेक विमाने तीन चाकांवर उभी राहतात. हॅरियरची मुख्य चाके पोटाखाली एकामागे एक असतात आणि तोल सांभाळण्यासाठी पंखांच्या टोकांजवळ दोन लहान चाके असतात. ही चार ठिकाणे एकाच पातळीत टेकली नाहीत, तर महिनाभराच्या कामानंतर विमान लंगड्या टेबलासारखे डुगडुगते. पंखाखाली इंजिन नसलेले, एका पंख्याचे साधे विमान, उदाहरणार्थ स्पिटफायर, आधी घ्यावे. भारतीय हवाई दलानेही ते वापरले होते. १/७२ मध्ये त्याच्या पंखांची रुंदी जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर भरते, आणि एका लांब सुट्टीत ते पुरे होते. साधनेही थोडी पुरतात: भाग चौकटीवरून सोडवायला लहान साइड कटर, एक धारदार चाकू, बारीक वॉटर पेपर, ब्रश असलेल्या बाटलीतले पातळ प्लॅस्टिक सिमेंट आणि दोन चांगले ब्रश. भाग हाताने पिळून तोडू देऊ नयेत. चाकू मात्र मोठ्या माणसाच्या देखत वापरावा.

तरीही मुलाचा हट्ट मोडू नये. हॅरियरचे किटही आणून कपाटात ठेवावे आणि त्याची सूचनापुस्तिका त्याला वाचायला द्यावी. त्या किटची पाळी येईल तेव्हा आधी पोटाखालची चाके चिकटवून पूर्ण वाळू द्यावीत, मग विमान सपाट काचेवर ठेवून पंखाची चाके काचेला नुसती टेकतील अशा बेताने बसवावीत. इंजिनाची चारही नोझल्स (झोत बाहेर टाकणारी तोंडे) खऱ्या विमानात एकाच यंत्रणेने एकत्र फिरतात, म्हणून प्रतिकृतीतही ती एकाच कोनात असली पाहिजेत. हवा आत घेणाऱ्या तोंडाभोवतीची छोटी दारेही पाहून ठेवण्यासारखी आहेत: इंजिन बंद असताना वरची दारे स्वतःच्या वजनाने आत झुकतात आणि खालची मिटलेली राहतात. काही किटमध्ये ती सगळी एकसारखीच मिटलेली दाखवतात. असे बारकावे मुलेच आधी हेरतात, हा आमचा अनुभव आहे.

जुलैमध्ये माझे सी हॉक पूर्ण झाले. शेवटचा मॅट वॉर्निशचा हात स्प्रेच्या डब्यातून मारला, आणि अर्ध्या तासात संपूर्ण विमानावर दहिवर पडल्यासारखा पांढरा थर आला. पुसून जात नाही. रंग खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नाही का? (एक वाचक, फोंडा)

खरवडू नका. विमान बहुधा वाचेल.

स्प्रेतला लॅकर थिनर फार वेगाने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत पृष्ठभाग थोडासा जरी थंड झाला, तरी थंड तांब्याच्या भांड्यावर जमते तशी वाफ ओल्या थरावर जमते आणि थरातच अडकते. आपल्याला दिसतो तो पांढरेपणा म्हणजे हे अडकलेले पाणी आणि त्याने मागे ठेवलेली सूक्ष्म छिद्रे. दुसरे कारणही संभवते. मॅट वॉर्निशमध्ये चकाकी घालवणारी पूड असते. डबा पुरेसा हलवला नाही किंवा फार जवळून जाड थर मारला, तर ती पूड गोळा होऊन पांढरी दिसते. दोन्ही दोष एकाच वेळीही येऊ शकतात.

उपाय दोन्हींना बहुतांशी सारखाच आहे. विमान दोन दिवस कोरड्या, बंद डब्यात ठेवावे. मग कोरड्या दिवशी त्याच कंपनीच्या ग्लॉस वॉर्निशचा एक हलका, पण ओला दिसेल असा थर मारावा. ग्लॉसमधला थिनर खालचा थर किंचित मऊ करतो आणि छिद्रे भरतात, त्यामुळे पांढरेपणा बऱ्याचदा डोळ्यांदेखत नाहीसा होतो. त्यानंतर आणखी एक दिवस थांबून मॅटचे दोन अगदी पातळ हात द्यावेत. आधी पंखाच्या खालच्या बाजूवर, कुणाला दिसणार नाही अशा बोटभर जागेवर, प्रयोग करून पाहावा. वॉर्निशच्या खाली इनॅमल रंग असेल तर हा प्रयोग टाळूच नये, कारण लॅकरने इनॅमलला सुरकुत्या पडतात.

पुढच्या पावसाळ्यासाठी काही पथ्ये सांगतो. त्यांतले पहिले आम्ही स्वतः तीन विमाने खराब केल्यावर शिकलो: वेळ निवडावी. सकाळी आणि सूर्यास्तानंतर आर्द्रता सर्वांत अधिक असते. पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी बारा ते तीन ही त्यातल्या त्यात बरी वेळ असते. आर्द्रता मोजणारे छोटे घड्याळ फार महाग नसते, आणि काटा सत्तरच्या खाली नसेल तर लॅकरला हात लावू नये. ज्यांच्या खोलीत एसी आहे त्यांनी तो ड्राय मोडवर तासभर चालवून मग काम सुरू करावे, मात्र फवारणीच्या वेळी तो बंद करून खिडकी उघडावी. थिनरमध्ये थोडा रिटार्डर घातला की तो सावकाश उडतो आणि पृष्ठभाग तितका थंड होत नाही. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवल्यास फवारा बारीक पडतो. पाणी हाताला सोसेल इतकेच कोमट असावे, आणि डबा आगीजवळ कधीही नेऊ नये. देवघरात समई तेवत असताना शेजारच्या खोलीत फवारणी करणारे एक सद्गृहस्थ आम्हाला माहीत आहेत. त्यांना काही झाले नाही, ही केवळ देवाची कृपा म्हणायची.

ज्यांच्याकडे दाबलेल्या हवेने रंग फवारणारा एअरब्रश आहे त्यांचे दुखणे थोडे वेगळे. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातल्या वाफेचे पाणी होते, आणि ते नळीतून थेंबाथेंबाने विमानावर येऊन पडते. कॉम्प्रेसरवरचा जलसंग्राहक पावसाळ्यात प्रत्येक बैठकीनंतर रिकामा करावा, आणि एअरब्रशच्या अगदी जवळ नळीत दुसरा एक छोटा संग्राहक लावावा. ज्यांना हा सारा व्याप नको त्यांनी जून ते सप्टेंबर या काळात जोडणी, फटी भरणे आणि घासणे एवढेच करावे, ब्रशने कॉकपिट रंगवावा, आणि फवारणी ऑक्टोबरनंतर करावी. आमच्या मते हेच सर्वांत शहाणपणाचे. फवारणी कोणत्याही ऋतूत केली, तरी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या काडतुसाचा मास्क वापरावा. कापडी मास्क रंगाचे कण थोडेफार अडवतो, वाफ अडवत नाही.

संग्रहालयातल्या विमानांचे रंग आणि किटच्या सूचनापुस्तिकेतले रंग जुळत नाहीत. डोळ्यांनी पाहिलेले खरे मानावे की छापलेले? (एक वाचक, म्हापसा)

आकारासाठी संग्रहालय आणि रंगासाठी छायाचित्र, असा आमचा नियम आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयातली बरीच विमाने उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी आहेत. गंज टाळण्यासाठी अशा विमानांना वेळोवेळी रंग द्यावा लागतो, आणि तो रंग त्या विमानाच्या सेवाकाळातलाच असेल असे गृहीत धरता येत नाही. याउलट चाकांची मांडणी, पंख मुडपण्याची बिजागरी, पत्र्यांचे सांधे हे सारे खरे असते आणि कोणत्याही पुस्तिकेपेक्षा जास्त शिकवते. सी हॉकचे उदाहरण घ्या. त्याला इंजिन एकच, पण धूर शेपटीतून निघत नाही. नळी दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर येते. हे एकदा प्रत्यक्ष पाहिले, की किटमधले ते दोन भाग कुठे बसतात हे पुन्हा विचारावे लागत नाही.

रंग ठरवताना आधी वर्ष ठरवावे. सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीला आली आणि मे २०१६ मध्ये निवृत्त झाली. या सुमारे साडेबत्तीस वर्षांत विमाने एकाच रंगात राहिली नाहीत. सुरुवातीच्या काळातले विमान करायचे असेल, तर वरून गडद समुद्री करडा आणि खालून पांढरा रंग द्यावा. शस्त्रांच्या बाबतीतही सावध राहावे. किटमध्ये बहुधा ब्रिटिश विमानांची साइडवाइंडर क्षेपणास्त्रे येतात, आणि आपल्या विमानांवर त्या काळी फ्रेंच बनावटीची मॅजिक होती. सी हॅरियर उडवणाऱ्या नौदलाच्या व्हाइट टायगर्स स्क्वाड्रनच्या वाघाखाली साइडवाइंडर लटकलेली प्रतिकृती आम्ही प्रदर्शनातही पाहिली आहे.

कॅनबेरा बॉम्बरच्या किटमध्ये वैमानिकाची काचेची कॅनोपी मध्यावर न बसता डावीकडे सरकते. साचा सदोष आहे का? (एक वाचक, मडगाव)

साचा अचूक आहे. आपले किट बी(आय)८ या प्रकाराचे दिसते. त्या प्रकारात वैमानिक लढाऊ विमानासारख्या कॅनोपीखाली डावीकडे बसतो, नॅव्हिगेटर नाकात असतो, आणि उजव्या बाजूने त्याच्याकडे जाण्याची वाट असते. भारताने घेतलेले बी(आय)५८ याच घराण्यातले. १८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरांनीच. इमारतींना धक्का लागू नये अशी त्यांना सूचना होती. धावपट्टीची डागडुजी करून त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने कराचीकडे निसटली, हा किस्सा दाबोळीच्या जुन्या रहिवाशांना ठाऊक असेल.

नाकाचा पुढचा भाग पारदर्शक असल्याने तिथे वजन लपवता येत नाही, आणि वजनाशिवाय हे विमान शेपटीवर बसते. गळाला लावायचे शिशाचे मणी वैमानिकाच्या कक्षामागच्या पोकळीत सिमेंटने घट्ट बसवावेत, आणि धड बंद करण्यापूर्वी चाकांच्या जागी बोटांचा आधार देऊन तोल तपासावा. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कॅनोपीला सुपरग्लू लावू नये, त्याच्या वाफेने काच पांढरी होते. साधा पांढरा गोंद पुरतो.

किटमध्ये भारतीय डेकल (विमानावर चिकटवायची छापील चिन्हे) नाहीत. तिरंगी चक्रे घरी कशी करावीत? आणि रंग उडालेला दाखवण्यासाठी मीठ वापरतात असे ऐकले, तर त्याला आगरवाड्याचे जाडे मीठ चालेल का? (एक वाचक, पेडणे)

आपल्या चक्रात बाहेरचे वर्तुळ केशरी, मधले पांढरे आणि आतले हिरवे असते. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पारदर्शक डेकल कागदावर छापलेले चक्र करड्या पंखावर लावल्यास मळकट दिसते. एक तर पांढऱ्या पाठीचा डेकल कागद वापरून वर्तुळाच्या कडेने नेमके कापावे, किंवा कंपास कटरने मास्किंग टेपची वर्तुळे कापून चक्र थेट रंगवावे. रंगवायचे असल्यास आधी पूर्ण तबकडी पांढरी करावी आणि केशरी त्यावर द्यावा, कारण करड्यावर दिलेला केशरी विटकरी दिसतो. छापील डेकल लावण्यापूर्वी पृष्ठभागावर ग्लॉसचा हात हवाच. खडबडीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि कडा चांदीसारख्या चमकतात.

आगरवाड्याचे मीठ उत्तम चालेल. त्याचे खडे लहानमोठे असतात, आणि त्यामुळेच उडालेल्या रंगाचा डाग नैसर्गिक दिसतो. आधी पत्र्याच्या रंगाचा थर देऊन तो एक दिवस वाळवावा, हव्या त्या जागी ब्रशने पाणी लावून मीठ भुरभुरावे, ते सुकल्यावर वरचा रंग हलक्या हाताने फवारावा, आणि रंग कोरडा झाला की ताठ ब्रशने खडे झाडावेत. नौदलाच्या विमानांना हे तंत्र शोभते, पण चाकांच्या खाचा आणि पंखांच्या पुढच्या कडा एवढ्यापुरतेच ते ठेवावे. जहाजावरच्या विमानांची निगा फार काटेकोर असते, पत्र्याचा भंगार झालेला तिथे दिसत नाही. शेवटी विमान गोड्या पाण्याने दोनदा धुवावे. सांध्यांत राहिलेला एक खडाही पुढच्या जूनमध्ये ओल ओढतो, आणि वरचा रंग फुगून येतो.