काटा कुणाच्या हातात?

प्रश्न : मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. 'वसाहती स्वातंत्र्याकडे जाताना झालेले राजकीय, आर्थिक व सामाजिक बदल' हे प्रकरण तो रोज घोकतो, पण आफ्रिकेचं उदाहरण आलं की अडतो. आम्ही केळीवाले. आम्हालाही कळेल असं सांगाल का, मॅडम?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, मुलाला आधी ते तीन रकाने पुसायला सांगा. ते पेपर तपासणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. मी तीस वर्षं तपासलेत, म्हणून सांगते. त्याऐवजी एक पीक धरा आणि त्याचा भाव कोण ठरवतं एवढंच बघत चला.

पश्चिम आफ्रिकेतला आजचा घाना तेव्हा 'गोल्ड कोस्ट' नावाची इंग्रजांची वसाहत होता. तिथलं नगदी पीक कोको. मळे गोऱ्यांचे नव्हते, कोको पिकवायचे तिथलेच छोटे शेतकरी. खरेदी मात्र मोजक्या युरोपीय कंपन्यांच्या हातात. 1937 मध्ये या कंपन्यांनी आपसात भाव बांधून घेतला. शेतकऱ्यांनी काय केलं? माल घरात ठेवला. 1938 च्या एप्रिलपर्यंत विकलाच नाही!

त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर 1936 मध्ये, तुमच्या शेजारी फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जाच्या वसुलीला आळा घाला, असा शेतीचा कार्यक्रम तिथे ठरला. माझे आजोबा चोपड्याकडून बैलगाडीने गेले होते. नेहरू लांबून दिसले, भाषण हिंदीत होतं, अर्धंच कळलं. पण 'साऱ्याचं बोलले' हे त्यांना मरेपर्यंत आठवत होतं.

महायुद्धात कोकोची खरेदी सरकारने आपल्या हाती घेतली आणि 1947 मध्ये त्यासाठी कायमचं पणन मंडळ नेमलं. त्याच सुमाराला कोकोच्या झाडांवर एक रोग पसरत होता, त्याला औषध नाही. सरकारी माणसं येऊन उभी झाडं तोडू लागली. सीएमव्ही हा विषाणूरोग आलेली केळी स्वतःच्या हाताने उपटताना कसं वाटतं ते तुम्हाला मी काय सांगू? इथे तर दुसराच कुणी कुऱ्हाड घेऊन येत होता, तोही परका. त्यात महागाई. 1948 च्या जानेवारीत लोकांनी परदेशी दुकानांवर बहिष्कार टाकला. 28 फेब्रुवारीला ब्रह्मदेशात लढून आलेले माजी सैनिक राजधानी अक्रात गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले. पोलिसांनी गोळी झाडली, तिघे गेले. शहर पेटलं.

पुढचं पुस्तकात असेलच : 1951 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा तुरुंगातून निवडून आले, 6 मार्च 1957 ला देश स्वतंत्र झाला. पण त्यांच्यामागे होतं कोण, हे मुलाने नीट वाचावं. सातवी-आठवी शिकलेली, नोकरी नसलेली, दुसऱ्यांच्या ओसरीवर झोपणारी पोरं. राजकारणातले जुने वकील त्यांना 'व्हरांड्यातली पोरं' म्हणून हिणवत. सामाजिक बदल म्हणतात तो हा. वकिलांच्या हातून राजकारण ओसरीवर आलं.

आता खरी मेख. 1954 मध्ये जगात कोको चढा होता, तरी 60 पौंडांच्या, म्हणजे साधारण 27 किलोंच्या ओझ्याला 72 शिलिंग हा भाव चार वर्षांसाठी गोठवला गेला. गोठवणारे इंग्रज नव्हते, स्वातंत्र्याआधीच निवडून आलेलं एन्क्रुमांचंच सरकार होतं! वरचा पैसा शाळा, रस्ते, विकास यांसाठी. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्यावर कर लावण्याचा सोपा मार्ग इंग्रजांनी तयार करून ठेवला होता, तो कुणी मोडला नाही. कुमासी शहरात त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. पुढे कोको चोरून शेजारच्या आयव्हरी कोस्ट आणि टोगोत जाऊ लागला.

चोरून जाणारा माल आपल्यालाही नवा नाही. 1972 पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकायचा. व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीतून सुटका म्हणून आमच्या घरी आनंदच होता. मग पलीकडे भाव बरा असला की कापसाच्या गाड्या रात्री मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे निघायला लागल्या. आजोबा ओट्यावर बसून बघायचे, म्हणायचे, "झेंडा बदलना, काटा तोच शे."

वडील सरळमार्गी, त्यांनी रात्रीची गाडी कधी काढली नाही. एका साली केंद्रावर तीन दिवस रांगेत राहिले, ग्रेडरने कापूस खालच्या प्रतीत टाकला, आणि मालाच्या पैशांचा चुकारा 'येईल' म्हणून सांगितलं. तो हातात आला तेव्हा माझं डीएडचं पहिलं वर्ष संपलं होतं. फी मामाने भरली होती.