बयाणापत्र राहू द्या काका, आधी त्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजची तारीख बघा

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका रिटायर्ड काकांचा मेल आलाय. काटोल रोडनं पुढे एका गावात सव्वा एकर वावर बघितलं, विहीर आहे, संत्र्याची पंचवीसेक झाडं आहेत, मधे दोन खोल्या बांधून काकूंसोबत तिथंच राहायचं असं ठरलं. 2022 च्या दिवाळीत 26 लाखाचा सौदा झाला, 8 लाख बयाणा (इसार) दिला, त्यातले 5 चेकनं. रजिस्ट्री अजून झालेली नाही, आणि आता भाव वाढल्यावर शेतकरी नाही म्हणतोय. असा मेल मला महिन्याला एक तरी येतो, गाव कधी हिंगण्याकडचं असतं, कधी कळमेश्वरचं, कधी उमरेड रोडचं. बयाणापत्र रजिस्टर का नाही केलं, 3 लाख रोख का दिले, पावती कुठाय, हे आता विचारून मलाच त्रास होतो, म्हणून ते सोडतो.

काकांचं म्हणणं असं की 'जमिनीची मोजणी अजून झालीच नाही, म्हणजे दावा लावायची आपली मुदत सुरूच झाली नाही ना?' इथंच गाडी अडली आहे.

बयाणापत्राचे फोटो बघितले. तिसऱ्या पानावर टाईप केलेल्या मजकुराच्या खाली, सह्यांच्या अगदी डोक्यावर, पेनानं दाटीवाटीत एक ओळ लिहिली आहे की वारसान फेरफार (वारसांची नावं सातबाऱ्यावर चढणं) आणि मोजणी झाल्यावर 3 महिन्यांत विक्रीपत्र करून देऊ. म्हणजे ठरलेली अशी तारीखच नाही. 1963 च्या मुदत कायद्यातलं अनुच्छेद 54 सांगतं की करार पुरा करून घेण्याचा दावा 3 वर्षांत लावायचा, करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून. मोजणी कधी होते याची वाट कायदा पाहत नाही, निदान मी तरी त्या भरवशावर बसणार नाही.

आणि नकार तुम्हाला कळलेला आहे काका. तुम्हीच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधे 9 फेब्रुवारी 2023 ला शेतकऱ्याच्या मुलाचा मेसेज आहे, 'बाबांचं मन नाही, विकायचं नाही, तुमचे पैसे घेऊन जा'. त्याच्याखाली तुम्ही अंगठा टाकलाय! तो अंगठा 'ठीक आहे, वाचलं' असा होता हे मला पटतं, पण त्यांचा वकील म्हणेल की यांनी सौदा रद्द मान्य केला. ते नंतर लढू. आत्ता एवढंच, की 9 फेब्रुवारी 2026 ला तुमची 3 वर्षं संपतात आणि हे लिहितोय तेव्हा डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा आहे. मधे नाताळच्या सुट्ट्या आहेत, विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाईन्सला कोर्टात पोचणंच कठीण, वकील शोधायला आठवडा जाईल, कागद गोळा करायला आणखी दोन.

तुम्ही म्हणता सरपंचासमोर दोन बैठका झाल्या, तिसरी ठरली आहे, शिवाय वकिलाकडून नोटीस पाठवायचा विचार आहे. नोटीस जरूर पाठवा, पण नोटीस दिल्यानं मुदत थांबत नाही, बैठकीनं तर नाहीच. मी अशी माणसं बघितली आहेत की समोरचा 'बसून मिटवू' म्हणत म्हणत तिसरं वर्ष पार करून देतो आणि मग फोन उचलणं बंद करतो. दावा आधी दाखल करा, बैठका नंतर खुशाल करा, कोर्टातही तडजोड होते.

दाव्यात एक मागणी वकिलाला बजावून लिहायला लावा. विक्रीपत्र मिळालं नाही तर बयाणा व्याजासह परत, ही पर्यायी मागणी. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या (Specific Relief Act, करार पुरा करून घेण्याचा कायदा) कलम 22 प्रमाणे ती मागितलीच नसेल तर कोर्ट आपणहून देत नाही. दावा लागला की त्याची लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची, नाहीतर दरम्यान वावर तिसऱ्याला विकलं की तुम्ही आणखी एका माणसाच्या मागे पळाल. मनाई हुकुमाचा अर्जही सोबतच द्या.

बाकीचं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे तुम्ही पहिल्यापासून उरलेले 18 लाख द्यायला तयार आणि समर्थ होतात हे तुम्हालाच सिद्ध करायचंय, आणि तुम्ही लिहिता की 2024 मधे एफडी मोडून गाडी घेतली. आता काय बोलू. पेन्शन, फ्लॅट, बाकीच्या ठेवी, जे काही आहे त्याची स्टेटमेंटं काढा, रोकड हातात असलीच पाहिजे असं नाही पण ऐपत दिसली पाहिजे. शेतकऱ्याच्या दोन बहिणींनी सह्या केलेल्या नाहीत, त्यांच्या हिश्श्याचं काय होईल हे फेरफार बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. कदाचित हुकूम फक्त त्याच्या हिश्श्यापुरता होईल, कदाचित पैसेच परत मिळतील.

नरखेडच्या वडिलोपार्जित वावराच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे म्हणून एक संकट टळलं. विदर्भाच्या 1958 च्या कुळकायद्यात कलम 89 आहे, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला आधी परवानगी लागते, आणि हे पुण्याच्या मित्राकडून ऐकलेल्या कलम 63 पेक्षा वेगळं आहे, आपल्याकडे ते लागत नाही.

घराबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. शेतघराला साधारण 40 आर जमीन लागते आणि सव्वा एकर म्हणजे 50 आर, तेवढ्यापुरतं बसतं. बहिणींचा हिस्सा कापला गेला तर ते गणितही बसत नाही, हे लक्षात ठेवा. गाव एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावावर विसंबून विटा टाकू नका, आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर घराचे दिवे लावू नका. धुऱ्यावरून जाणारी ती वाट गावनकाशात पांदण म्हणून आहे का, तेही पटवाऱ्याकडे बघून घ्या. पण हे सगळं दावा लागल्यावर.

किती वर्षं लागतील विचारलंय. माझ्याकडच्या अशाच एका दाव्यात वादी वारले, आता त्यांचा मुलगा तारखेला येतो, आणि आम्ही अजून साक्षीपुराव्यावरच आहोत. तोवर भाड्यानं एखादं घर घेऊन गावात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून बघा, चिखल आणि रानडुकरांसकट, मग काकूंना विचारा.

आणि मेलच्या शेवटी लिहिलंय की फोन जुना झाला, मुलगी नवीन घेऊन देतेय. घ्या नवीन, पण जुना एक्सचेंजमधे देऊ नका. उद्या ते म्हणतील आम्ही आणखी आधीच नकार दिला होता आणि मुदत कधीच संपली, तेव्हा 9 फेब्रुवारीचा तो मेसेज त्याच फोनमधून दाखवावा लागेल.