पुण्यात मेकॅनिकल बीई झाल्यावर एमटेक इथेच करावं की जर्मनीत एमएस?

आधी हे ठरवा, की पुढची काही वर्षं नोकरी कुठे करायची आहे. भारतातच करायची असेल तर गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीतलं एमटेक मला सरस वाटतं. महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, कंपन्याही कॅम्पसवर येतात.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धंच खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही फी सुरू केली आहे. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ही मात्र मोठी जमेची बाजू.

खरी अडचण भाषेची. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मेकॅनिकलमध्ये, विशेषतः छोट्या कंपन्यांत, बी२ या वरच्या मध्यम पातळीपर्यंत जर्मन नसेल तर मुलाखतीपर्यंतही पोचणं कठीण जातं. जायचं पक्कं असेल तर कळकळीने सांगतो, मॅक्स म्युलर भवनात आत्ताच जर्मनचे वर्ग लावा.

आणि एजंट घर गहाण ठेवून तिथल्या महागड्या खासगी विद्यापीठात जायला सांगत असेल, तर सरळ नाही म्हणा.